मेंदूवरची ऑनलाइन व्याख्यानं कशी ऐकावीत, म्हणजे लक्षात राहतील

ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी आत्या मला बंदिश शिकवायची, तेव्हा स्वतः दोनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा तंबोरा छेडत नुसती माझ्याकडे बघायची. "ऐकलंस ना? आता तू म्हण." वही उघडू द्यायची नाही. अडले तरी लगेच सांगायची नाही, थोडं चाचपडू द्यायची. शिकणं, स्मृती आणि मेंदू यांवरची व्याख्यानं मी तीन वर्षं ऐकते आहे, आणि ती ऐकायची रीतही हीच, असं माझं ठाम मत झालंय. एरवी तासभर सगळं पटत जातं, मान डोलत राहते आणि दुसऱ्या दिवशी एक वाक्य धड आठवत नाही.

सुरुवात एकाच शिक्षकाच्या सलग व्याख्यानांनी करा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या 'ओपनकोर्सवेअर' या संकेतस्थळावर नॅन्सी कॅनविशर यांचा 'द ह्यूमन ब्रेन' हा 2019 चा वर्ग फुकट पाहता येतो. विषय अवघड असला तरी त्या प्रत्येक प्रयोग कुणी, का आणि कसा केला हे सांगतात. इंग्रजी उच्चार जड जात असतील तर खालची अक्षरं सुरू ठेवा आणि वेग थोडा कमी करा. 'वर्ल्ड वाइड न्यूरो' या संकेतस्थळावरची व्याख्यानं संशोधकांनी संशोधकांसाठी दिलेली असतात, तिकडे सहा महिन्यांनी जा. आणि 'आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो' असं कुणी म्हणालं की तो व्हिडिओ तिथेच बंद करा, ते खरं नाही.

व्याख्यान थेट ऐकायचं असेल तर वेळ नीट मोजा. लंडनचे दुपारचे 3 म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे 8:30, पण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत 7:30. त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही.

आता मुख्य काम. दर दहा-बारा मिनिटांनी व्हिडिओ थांबवा, फोन पालथा ठेवा आणि आत्ता काय ऐकलं ते मोठ्यानं सांगा. टिपणं बघायची नाहीत. हे कंटाळवाणं वाटतं, आणि पहिल्या आठवड्यात आपल्याला काहीच येत नाही असंही वाटतं. तरी सोडू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. म्हणजे चाचपडण्यातच शिकणं होत असतं. आत्याला हे आकडे ठाऊक नव्हते, रीत ठाऊक होती.

मग संध्याकाळी ते कुणाला तरी मराठीत सांगा. मी आत्यालाच सांगते. ती आता 78 वर्षांची आहे, इंग्रजी समजत नाही, पण गजकाचा तुकडा तोंडात ठेवून "मग पुढे?" असं विचारत राहते. 'हिप्पोकॅम्पस' हा शब्द तिच्यापुढे नुसता फेकून भागत नाही. "कानाच्या बाजूनं आत, खोलवर, दोन्हीकडे एकेक असतो, आणि दिवसभरात जे घडलं ते टिकवून ठेवायला तो लागतो," एवढं सांगावं लागतं. जिथे मराठी वाक्य जुळत नाही तिथे मला ते कळलेलंच नसतं. तेवढाच भाग मी पुन्हा ऐकते.

या व्याख्यानांत एक माणूस हमखास भेटेल. जुन्या व्याख्यानांत तो 'एच. एम.' असतो, 2008 मध्ये तो वारल्यावर 'हेन्री मोलेसन' हे नाव जाहीर झालं. माणूस एकच. 1953 मध्ये, 27 व्या वर्षी, फेफरं थांबावं म्हणून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला. त्यानंतर नव्या गोष्टी त्याच्या लक्षात राहीनात. त्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी आठवत नव्हतं.

हे नुसतं ऐकू नका, घरी करून बघा. कागदावर मोठी चांदणी काढा, तिच्या आत पेन्सिलीच्या जाडीएवढं अंतर सोडून दुसरी. समोर आरसा उभा करा आणि हात थेट दिसू नये म्हणून कुणाला तरी मध्ये पुठ्ठा धरायला सांगा. मग आरशात बघत दोन रेघांमधून पेन्सिल न्या. कोपऱ्यावर हात हट्टानं उलटीकडे जातो. आत्याचाही गेला. "बोटांना अजून चाल कळली नाही," ती म्हणाली आणि कागद बदलून घेतला.

त्या रात्री झोप कापू नका, शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं तीच गोष्ट कागद न बघता सांगा. विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच घडतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, म्हणून पहिली उजळणी लांबवू नका. माझी वेळ सकाळच्या चहाची. परवा मी '1957 मध्ये शस्त्रक्रिया' म्हणाले, तर पलंगावरून आत्या म्हणाली, "अगं, त्रेपन्न सांगितलं होतंस."