भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत स्थानिक मंडळ कसे उभारावे

काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांच्या काळातला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो आणि अनेक मंडळांचा जन्म याच दिवसाच्या कार्यक्रमातून होतो. मंडप पडतो, गोंधळ्यांचा कार्यक्रम होतो, पाहुण्यांची भाषणे होतात, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत कोणी वस्तीकडे फिरकत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी क्रम उलटा ठेवावा: आधी कागदपत्रे, मग रोजगार आणि त्यानंतर महोत्सव.

सुरुवातीची बैठक वस्तीतच, लोक कामावरून परतल्यावर घ्यावी. बहुतेक ठिकाणी वडार, कैकाडी, घिसाडी, पारधी, गोंधळी अशा एकाहून अधिक जमातींची घरे शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे कार्यकारिणीत प्रत्येक जमातीचा माणूस असावा आणि स्त्रियांची संख्या नावापुरती नसावी. जमातीतील वडीलधाऱ्यांचा मान राखावा, परंतु मंडळाला जातपंचायतीचे रूप येऊ देऊ नये. कोणाला वाळीत टाकण्याचा, दंड लावण्याचा किंवा लग्नाच्या भानगडी मिटवण्याचा अधिकार मंडळाला नाही, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार असा निवाडा देणे हा गुन्हा ठरू शकतो. ही गोष्ट पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवलेली बरी.

त्यानंतर घरोघरी जाऊन एक नोंदवही तयार करावी. त्यात प्रत्येक व्यक्तीचे नाव आधार कार्डावर, शिधापत्रिकेवर आणि शाळेच्या दाखल्यावर नेमके कसे लिहिले आहे, हे तीन स्वतंत्र रकान्यांत उतरवावे. काम कंटाळवाणे आहे, पण निम्मे अर्ज इथेच अडतात: एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर आडनावाच्या जागी व्यवसाय आणि तिसऱ्यावर जातीचा रकाना कोरा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी महाराष्ट्रात होते, हे दाखवावे लागते. जे कुटुंब त्या काळी गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरत होते, त्याच्याकडे सातबारा कुठून असणार? म्हणून आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत किंवा एखाद्या जुन्या महसुली नोंदीत सापडते का, याचा शोध घ्यावा लागतो. रक्ताच्या नात्यातील एकाचा दाखला निघाला, तर वंशावळीच्या आधारे इतरांचे काम बरेच सोपे होते. लेखी पुरावा मुळीच नसल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करून स्थानिक चौकशीची मागणी करावी, आणि त्या चौकशीच्या वेळी गावातील जुनी, जाणती माणसे हजर राहतील याची काळजी मंडळाने घ्यावी.

मुलाचे नाव पहिलीत घालताना मंडळाच्या कार्यकर्त्याने पालकांबरोबर शाळेत जावे. त्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख आणि जात जशी लिहिली जाईल तशीच ती पुढे प्रत्येक कागदावर उतरते, आणि शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करणे अतिशय अवघड असते. जमातीचे नाव शासनाच्या यादीतील शुद्धलेखनानुसारच लिहिले गेले आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. आरक्षणाची विभागणी विमुक्त जाती 3 टक्के, भटक्या जमाती ‘ब’ 2.5, ‘क’ 3.5 आणि ‘ड’ 2 टक्के अशी असल्याने प्रवर्गातील एका अक्षराची चूकही महागात पडते.

रोजगाराच्या बाबतीत नव्या कौशल्यांच्या शिबिरांआधी लोकांच्या हातात आज जे कसब आहे, त्याचा हिशेब मांडावा. पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत लोहारकाम, दगडकाम, तसेच टोपल्या, चटया आणि झाडू बनवणे यांचा समावेश आहे, म्हणजे घिसाडी, वडार आणि कैकाडी कुटुंबांची पिढीजात कामे त्यात थेट बसतात. प्रशिक्षणाच्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा नाव कोणाचे द्यायचे हे घरात बसून ठरवू द्यावे. मंडळाने त्यात पडू नये.

रस्त्यावर कला सादर करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यातील व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांच्या आडून पैसे मागणेही येते, त्यामुळे डोंबारी किंवा वासुदेव यांना भिकारी समजून उचलले जाण्याची भीती असते. मंडळाने कलावंतांना छायाचित्रासह ओळखपत्रे द्यावीत, त्यांची यादी स्थानिक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी आणि शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे यांच्याकडून ठरलेल्या मानधनाची निमंत्रणे मिळवावीत. निमंत्रणपत्र, कार्यक्रमपत्रिका आणि वर्तमानपत्रातील कात्रणे जपून ठेवली, तर ज्येष्ठ कलावंतांच्या शासकीय मानधनासाठी अर्ज करताना तीच पुरावा म्हणून कामी येतात.

तरुणांना कारखान्यात किंवा दुकानात काम मिळवून देताना मालक कधी कधी मंडळाकडे ‘ही मुले प्रामाणिक आहेत’ अशी हमी मागतात. ती लिहून देऊ नये. दुसऱ्या कोणत्या उमेदवाराच्या जातीची हमी मागितली जात नाही, आणि सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या बंदिस्त वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेणाऱ्या व्यवस्थेचाच तो उरलेला अवशेष आहे. त्याऐवजी उमेदवाराचे शिक्षण, कसब आणि आधीच्या कामाची माहिती द्यावी, पगार बँकेत जमा होईल असे ठरवून घ्यावे आणि पहिले काही महिने दोन्ही बाजूंशी संपर्क ठेवावा.

सांस्कृतिक वारशाची नोंद करताना सर्वांत आधी भाषेकडे लक्ष द्यावे. वडारी बोली तेलुगूच्या जवळची, कैकाडी तमिळच्या जवळची. घरात ती बोलणारे मूल शाळेत गप्प बसते आणि शिक्षक त्याला मंद समजतात. आजींकडून दोन-तीनशे शब्दांची मराठी अर्थांसह यादी करून अंगणवाडीत आणि शाळेत दिली, तर तिचा उपयोग एखाद्या महोत्सवापेक्षा जास्त होतो. गाणी आणि कथा ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी कलावंताची लेखी संमती घ्यावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याची संमती मुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलती घ्यावी. 1957 च्या प्रताधिकार कायद्याने सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षांचा हक्क दिलेला आहे, तेव्हा मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी पोचली पाहिजे. जी विधिगीते बाहेरच्यांसमोर म्हणायची नसतात, ती मुद्रित करण्याचा आग्रह धरू नये.

नोंदणीची घाई नको. काम रुळल्यावर किमान 7 सदस्य मिळून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करता येतो. बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतील असे ठरवावे आणि त्यांतील एक सही वस्तीतील स्त्रीची असावी. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून गेल्यास नव्या विश्वस्तांची नावे अभिलेखात येत नाहीत, आणि हे बहुधा एखादे अनुदान तोंडाशी आले असतानाच लक्षात येते.