स्टार्टर पेटीला प्लास्टिक गुंडाळू नका: पावसाआधीची कामे

मे महिना लागला की विहिरीवरच्या मोटारी चालू-बंद करणाऱ्या स्टार्टर पेट्यांना खताच्या गोण्या आणि प्लास्टिकचे कागद गुंडाळलेले दिसू लागतात. हेतू चांगला असतो, पण त्याने नुकसानच जास्त होते. दिवसा पेटी तापते आणि आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी वळवाची सर आली की पेटी एकदम गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. रात्री तीच वाफ पत्र्याला आतून थेंब धरते, आणि प्लास्टिक असल्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही सुकत नाही. वरून एक थेंबही न पडता कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, गंजतो, मोबाईलवरून चालणाऱ्या स्टार्टरच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर हिरवट थर चढतो.

म्हणून पेटी बांधून टाकण्यापेक्षा तिच्यावर छप्पर करा. चारही बाजूंनी वीतभर पुढे आलेला, मागे उतार दिलेला पत्रा पुरतो. पाऊस बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, दुपारचे ऊनही तिकडूनच येते. तेव्हा पेटीचे दार उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवावे. पेटी जमिनीपासून कमरेच्या वर हवी. नदीकाठी किंवा ओढ्याकाठी मोटार असेल तर जुन्या पुराची खूण बघून त्याहूनही वर.

पाणी आत शिरण्याचा खरा रस्ता मात्र केबलचा. केबल वरून किंवा बाजूने पेटीत उतरत असेल, तर पाणी तिच्यावरून ओघळत थेट टर्मिनलवर जाते. केबल तळातूनच आत घ्या आणि पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकून जाईल. भोकात केबलच्या जाडीचा ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट आवळणारे बूच, बसवा. एका ग्लँडमधून तीन वायरी कोंबल्या तर मधल्या फटी उघड्याच राहतात. सिलिकॉन लावायचे असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे उघड्या तांब्याजवळ नको, कारण त्यातले आम्ल तांबे खाते. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. लोखंडी पेटीच्या तळाला पेन्सिलीएवढे एक भोक मुद्दाम ठेवा, आत साचलेले पाणी निघून जाते. त्याला बारीक जाळी लावली की पाल, मुंग्या आणि कुंभारीण आत येत नाहीत. कॉन्टॅक्टरमध्ये चिरडलेल्या मुंग्यांमुळे मोटार न उचलणे हा पावसाळ्यातला नेहमीचा बिघाड आहे.

नवीन पेटी किंवा कंट्रोलर घेताना त्यावरचा आयपी आकडा बघा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी 65 म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही आणि नळीने मारलेले पाणी सोसते. आयपी 67 असेल तर अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडाले तरी चालते. पण अशा पेटीला ड्रिल मारून एक जादा वायर घेतली की तो आकडा कागदावरच उरतो. अशी बंद पेटी असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. तळाला भोक असलेल्या लोखंडी पेटीत त्यांचा काही उपयोग नाही, हवेतला ओलावा पिऊन त्या लवकरच संपतात.

धुळीकडे आपले लक्ष कमी असते. कोरडी धूळ तशी निरुपद्रवी वाटते, पण दमट हवेत तीच वीज वाहून नेते. सौर पंपाच्या कंट्रोलरच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांत धूळ भरली तर तो तापून बंद पडतो. रंगकामाचा कोरडा ब्रश उत्तम. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते, ती मारू नका. ओले फडके आणि रॉकेल तर नकोच. सौर पॅनेल सकाळी लवकर धुवावे. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते, आणि विहिरीच्या क्षारांचे डागही पडतात.

ही कामे मेच्या मध्यापर्यंत उरका. मृगाची वाट पाहू नका. 2025 साली मान्सून 26 मेलाच मुंबईत पोहोचला होता. पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि टेस्टरने तपासा. सौर पंपाचे पॅनेल ऊन असेपर्यंत वीज देतच राहते, आणि तो डीसी दाब काही शे व्होल्टचा असतो. आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) बंद केल्याशिवाय पॅनेलची जोडणी ओढू नका, ठिणगी लागून हात भाजतो. वॉरंटीतल्या कंट्रोलरचे सील स्वतः तोडू नका, पुरवठादाराचा माणूस बोलवा.

द्राक्षबागेत हवामान केंद्र असेल तर पर्जन्यमापकाचे नरसाळे काढून काडीकचरा, कोळिष्टके साफ करा. पानाचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर फवारणीचा थर बसला तर आकडे चुकतात आणि केवडा रोगाचा अंदाजही त्याबरोबर चुकतो. तो साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. ठिबकच्या व्हॉल्व्हच्या वायरींना नुसती टेप गुंडाळून जमिनीत गाडू नका, जेल भरलेले कनेक्टर मिळतात. ठिबकचा कंट्रोलर आणि अ‍ॅसिडचे कॅन एकाच खोलीत ठेवू नका, त्या वाफांनी पेटीतले तांबे काळे पडते. कोकणात खाऱ्या हवेमुळे हेच आणखी वेगाने होते, तिथे लोखंडीपेक्षा फायबरची पेटी घ्यावी.

एवढे करूनही पाणी शिरलेच, तर ‘चालू होते का बघू’ म्हणून बटण दाबू नका. पुरवठा खांबावरूनच बंद करून घ्या. वॉरंटी किंवा विमा असेल तर आधी फोटो काढा. मग दार उघडून सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस सुकू द्या. गाळाचे पाणी शिरले असेल तर नुसते सुकवून भागत नाही, कार्ड स्वच्छ करून घ्यावे लागते. मोटार सुरू करण्याआधी वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वायरींचे इन्सुलेशन तपासून घ्या.