अ‍ॅम्प मान टाकायचा, त्याची गोष्ट
वाशीतल्या आमच्या छोट्या हॉलमध्ये आवाज जरा वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर खटकन बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, "अ‍ॅम्प गेलाय." मला पटेना. मागची पाटी वाचली: स्पीकरची ए किंवा बी अशी एकच जोडी लावली तर किमान ४ ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), दोन्ही एकदम लावल्या तर प्रत्येकी किमान ८. मी हौसेने स्पीकरच्या दोन जोड्या लावलेल्या, दोन्ही ६ ओहमच्या. समांतर जोडल्यावर उरतात फक्त ३! म्हणजे त्याच आवाजाला करंट दुप्पट. बिचारा तापून स्वतःला वाचवायला बंद पडायचा. बेडरूमची जोडी काढली. अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवलेला सेट-टॉप बॉक्सही हलवला, हवेची जाळी मोकळी झाली. आता भीमसेनजींची तोडी शेवटपर्यंत ऐकतो. खालचे काका तक्रार करत नाहीत, अजून तरी.