‘शी’ की ‘इट’? चार घरभाषांच्या वर्गात इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

शाळेच्या पाटीवर ‘मराठी माध्यम’ असलं, तरी सोलापुरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार घरांतली मुलं बसलेली असतात. इंग्रजीत ती चुकतात ती बहुधा घरच्या भाषेच्या वळणानं. ते वळण न बघता सगळ्यांना एकच औषध पाजलं जातं.

शहराच्या पूर्व भागातल्या शाळांत एक दृश्य वारंवार दिसतं. आईबद्दल दोन वाक्यं बोलायची असतात. तेलुगू घरातली मुलगी उभी राहून म्हणते, ‘माय मदर कुक्स. इट कम्स होम अॅट सिक्स.’ सर विचारतात, ‘आई काय वस्तू आहे का गं?’ वर्ग हसतो, मुलगी खाली बसते आणि त्यानंतर कित्येक तासिका तोंड उघडत नाही. तिची चूक निष्काळजीपणाची नसतेच. तेलुगूत वडील आले तर ‘नान्ना वच्चाडु’, पण आई आली तरी ‘वच्चिंदि’ आणि बस आली तरी ‘वच्चिंदि’. आई आणि बस यांचं क्रियापद एकच.

तिच्या शेजारचा मराठी मुलगा बसलाच ‘शी’ म्हणतो, कारण आपल्याकडे बस ‘ती’ असते. उर्दू बोलणारा मुलगा बहिणीला ‘ही’ म्हणून जातो, कारण त्याच्या ‘वो’मध्ये भाऊ, बहीण, बस सगळे मावतात. कन्नड मुलाला मात्र फारशी अडचण येत नाही. त्याच्याकडे आई ‘बंदळु’, बाप ‘बंदनु’ आणि बस ‘बंतु’ असं तिघांचं वेगळं आहेच.

म्हणून ‘ही, शी, इट’ दहा वेळा लिहून आणायला सांगणं हा आळशी उपाय आहे. आठ-दहा चित्रं घ्या. तेलुगू मुलांना आई, बस, आजी, सायकल अशी बाई आणि वस्तू आलटून पालटून दाखवा. मराठी मुलांना माणसांची चित्रं नकोतच. खुर्ची, वही, पेन्सिल, फळा, पंखा दाखवून प्रत्येक वेळी ‘इट’ म्हणून घ्या. उर्दू मुलांना भाऊ आणि बहीण यांच्या जोड्या द्या. चित्रं धरायला कन्नड मुलं बसवा. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी ‘यांना येतच नाही’ म्हणून चित्रं गुंडाळून ठेवणाऱ्यांनी ती काढूच नयेत.

हे करायचं तर कोणाच्या घरी कुठली भाषा, ते माहीत हवं. आडनावावरून अंदाज बांधू नका. ‘आजी तुला कुठल्या भाषेत रागावते?’ असं विचारा, मूल लगेच खरं सांगतं. उत्तर हजेरीपटात नावापुढे पेन्सिलीनं टिपून ठेवा.

इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय तर मोडूनच काढायला हवी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरी वरच्या वर्गातली मुलं पेन्सिलीच्या त्या अक्षरांशिवाय ओळ वाचू शकत नाहीत. डोळा सोपं असेल तेच वाचतो. रोमन अक्षरं तशीच कोरी राहतात. शिवाय वर ‘बुक’ लिहिलं, तरी तेलुगू मूल ‘बुक्कु’च म्हणतं. तेलुगू शब्द जवळजवळ सगळे आणि कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतात, म्हणून हा ‘उ’ चिकटतो. ‘उ काढ’ म्हणून तो निघत नाही. पुढे स्वरानं सुरू होणारा शब्द जोडा: ‘बुक-इज’, ‘बस-इन’. ‘उ’ला जागाच उरत नाही. हीच युक्ती ‘येग’ म्हणणाऱ्यालाही चालते. ‘अॅन एग’ एका दमात, ‘अॅनेग’. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या उर्दू मुलाला ‘स्स्स्स’ दोन सेकंद लांबवायला लावा, मग ‘कूल’.

‘धिस माय बुक’मधला ‘इज’ गाळणारी मुलंही बहुधा तेलुगू-कन्नड घरांतली. तिथं ‘आहे’ लागत नाही. ‘धिस इज’ हा ‘धिसिज’ असा एकच शब्द म्हणून शिकवा, व्याकरण नंतर.

शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला की काम झालं, असं समजू नका. पहिलीतल्या तेलुगू किंवा कन्नड मुलाला ‘विहीर’ हाच नवा शब्द असतो. त्याच्या घरी ती ‘बावी’. फळ्यावर विहीर काढा.

‘माय मदर इज अ हाउसवाइफ’ हे वाक्य सगळ्या वर्गाकडून पाठ करून घेऊ नका. अनेकींच्या आया दिवसभर बिड्या वळतात. ‘माय मदर रोल्स बीडीज’ हे खरं वाक्य आहे, आणि मुलीला ते बोलावंसं वाटतं.

प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. मूल तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येत असतं. दुसऱ्या आकड्यालाच ‘नेक्स्ट’ म्हटलंत, तर ते निम्म्या वाटेवरच थांबतं.