हर्णैजवळ कॉटेज घेताना

दापोलीजवळच्या हर्णै-पाजपंढरीकडे कॉटेज भाड्याने घेताना ‘सी-व्ह्यू’च्या आधी मासळीचं वाळवण कुठे घालतात ते विचारा. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. वाळवण घर आणि समुद्र यांच्या मधे असेल तर सुकटीचा वास थेट उशीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, साबणाला फेस धरत नाही. पिण्याचं पाणी वेगळं आहे का, ते पक्कं करा. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी सहसा नाही. स्वयंपाकघर वापरू देणार असतील तर मासळी साफ करायला मागच्या दारी नळ नि विळी हवीच. बेसिनमध्ये खवले गेले की पाइप तुंबतो आणि डिपॉझिट अडकतं. बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव गाठा. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद.