रुग्णकेंद्री उपचारांवरील संशोधन: सुरुवात करणाऱ्यांसाठी काही अनुभव

रुग्णकेंद्री उपचारांवर, म्हणजे रुग्णाचे म्हणणे आणि गरजा केंद्रस्थानी ठेवणाऱ्या उपचारांवर, संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले तर रुग्ण लवकर बरा होतो, हे सिद्ध कसे करायचे? त्यामागची तळमळ मला मनापासून पटते. परंतु ‘नीट ऐकले’ हे कोण ठरवणार आणि ‘बरे होणे’ कशाने मोजणार, हे निश्चित झाल्याशिवाय माहिती गोळा करायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मोइरा स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी नवोदितांना सर्वांत आधी वाचायला देते. कॅनडातील ३९ फॅमिली डॉक्टर आणि ३१५ रुग्ण यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण करून संशोधकांनी संभाषण किती रुग्णकेंद्री आहे, यावरून त्याला गुण दिले आणि रुग्णांना त्या भेटीबद्दल काय वाटले, हेही स्वतंत्रपणे विचारले. संभाषणाच्या गुणांचा प्रकृतीतील सुधारणेशी थेट संबंध आढळला नाही. मात्र आजार आणि उपचार यांबाबत डॉक्टरांशी आपले एकमत झाले, असे ज्या रुग्णांना वाटले, त्यांची सुधारणा अधिक चांगली होती आणि त्यांना पुढील तपासण्या व तज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज कमी पडली. म्हणजे निरीक्षकाला दिसलेली भेट आणि रुग्णाला जाणवलेली भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण यांपैकी कोणती मोजत आहोत, हे आराखड्यातच लिहावे लागते. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. लवकर बरे होत असलेल्या माणसाला भेटही चांगली झाल्यासारखी वाटू शकते.

समाधान म्हणजेच परिणाम, असे धरून चालणे मला विशेष धोक्याचे वाटते. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सर्वाधिक समाधानी रुग्णांच्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, खर्च आणि मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले होते. यावरून समाधान घातक ठरत नाही. प्रकृतीची गंभीरता अशा आकड्यांमागे दडलेली असू शकते, म्हणून ती आधीच नोंदवावी.

परिणाम नेमका कसा घडतो हे ज्यात स्पष्ट दिसते असे काम हवे असेल, तर अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ ईथन बाश यांची कर्करुग्णांवरील यादृच्छिक चाचणी (रुग्णांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगाने करणारा अभ्यास) वाचावी. केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी एका गटाने आपली लक्षणे नियमितपणे संगणकावर नोंदवली आणि त्रास वाढताच परिचारिकांना सूचना जात असे. या गटाचा चाचणीत आल्यानंतरचा मध्यक जीवितकाल (निम्मे रुग्ण ज्या कालावधीनंतरही जिवंत होते तो) ३१.२ महिने, तर नेहमीच्या देखभालीतील गटाचा २६ महिने असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. येथे रुग्णाचे म्हणणे वेळेवर कोणापर्यंत तरी पोहोचत होते आणि त्यावर कृती होत होती. आपल्या अभ्यासातही ही साखळी कागदावर रेखाटून पाहावी.

प्रश्नावली शक्यतो आधी पारखलेलीच घ्यावी. नैतिक समितीची मंजुरी आणि संमतीपत्र यांना वेळ लागतो, तो गृहीत धरावा. त्याहून जास्त लक्ष कोऱ्या राहिलेल्या उत्तरांकडे द्यावे, कारण फॉर्म अर्धवट सोडणारे अनेकदा सर्वांत अशक्त रुग्ण असतात आणि त्यांना वगळले की निष्कर्ष वास्तवाहून उजळ दिसतो. म्हणून उत्तर का मिळाले नाही, याचे कारण प्रत्येक वेळी त्याच दिवशी नोंदवण्याची व्यवस्था पहिल्या रुग्णापासूनच असावी.