पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटला: मुलाच्या साक्षीआधी त्याच्या बाजूच्या वकिलाने काय करावं

मुलाची तयारी म्हणजे घटना पाठ करून घेणं नव्हे. तसं केलं तर मूल तेच सगळं पुन्हा भोगतं. शिवाय उलटतपासणीत ‘वकीलकाकांनी असं सांग म्हणून सांगितलं’ एवढं एक वाक्य तोंडून निघालं की पढवलेला साक्षीदार म्हणून साक्ष मोडीत निघू शकते. तयारी करायची ती जागेची आणि पद्धतीची.

तारखेच्या काही दिवस आधी, शिरस्तेदारांना (कोर्टाच्या कामकाजाची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना) विचारून, जेवणाच्या सुट्टीत मुलाला कोर्टात घेऊन जा. न्यायाधीश कुठे बसतात, टाइप कोण करतं, पडदा कुठे लागणार, बाथरूम कुठे आहे, सगळं दाखवा. आरोपीबद्दल खरं तेच सांगा: तो दिसणार नाही, पण तुझं बोलणं त्याला ऐकू जाईल. पोक्सो कायद्याचं कलम 36 तसंच आहे. ‘तो नसेलच’ असं सांगितलंत आणि पडद्यामागून खोकला आला, की मूल गप्प होतं.

मग उत्तरांचा सराव, पण घटनेवर नाही. ‘काल शाळेतून तू रिक्षाने आली नाहीस, असं तर नाही ना?’ असा गुंतागुंतीचा प्रश्न मुद्दाम विचारा. ‘कळलं नाही, परत विचारा’ आणि ‘आठवत नाही’ हीसुद्धा चालणारी उत्तरं आहेत, हे मुलाच्या अंगवळणी पडू द्या. मान हलवली तर नोंद होत नाही, तोंडाने सांगावं लागतं, हेही सांगा.

‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तुम्ही स्वतः कधीच विचारू नका. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. ‘का’ ऐकलं की मूल दोष स्वतःवर घेतं. बऱ्याचदा वास, भिंतीचा रंग लख्ख आठवतो, तारीख आणि क्रम मात्र निसटतो. म्हणून तारखेवर अडून बसू नका, ‘गणपतीच्या आधी की नंतर?’ असं विचारा.

सरकारी वकिलांशी बोलून अर्ज लेखीच द्या. तोंडी विनंती भरलेल्या बोर्डात, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या गर्दीत, हरवते. कलम 33 खाली विश्वासातलं माणूस जवळ असणं आणि वारंवार विश्रांती मागा, कलम 36 खाली पडदा किंवा व्हिडिओ. उलटतपासणीचे प्रश्नही बचावाच्या वकिलांनी न्यायाधीशांकडे द्यायचे, आणि मुलाला ते न्यायाधीशांनीच विचारायचे. थेट प्रश्न आला तर हरकत पहिल्याच प्रश्नाला घ्या. पाचव्यापर्यंत मूल कोलमडलेलं असतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते कॉरिडॉरमध्ये. आत पडदा, आणि बाहेर त्याच बाकावर आरोपीचे नातेवाईक! अर्जातच वेगळी खोली मागा. ती नसेल तर मुलाला सहायक व्यक्तीबरोबर (खटल्यात मुलाला आधार द्यायला नेमलेल्या माणसाबरोबर) जवळपास थांबवा आणि पुकारा जवळ आला की फोन करा.

साक्षीत मूल पुन्हापुन्हा लघवीला जायचं म्हणू लागलं तर ती विश्रांतीची मागणी समजा. बाहेर आल्यावर ‘सगळं नीट सांगितलंस ना?’ असं विचारू नका. भूक लागली का, ते विचारा.